विशेषण लावण्याआधी



पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय 'माणसांची विशेषणं' असा छापलाय. ते वाचून काहींना शाळेतला व्याकरणाचा तास आठवला असेल. विकारी विशेषण, अविकारी विशेषण, चांगला-चांगली-चांगलं. त्या वाटेनं थोडं जायचं आहेच, पण मला बोलायचंय ते मुख्यतः आपण माणसांविषयी लिहितो कसं, याबद्दल. आणि ते फारसं बरं लिहीत नाही असं माझं मत आहे, हे आधीच सांगून टाकते.

शाळेत 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध असतो. ते शिक्षक प्रेमळ असतात, शिस्तप्रिय असतात, मनमिळाऊ आणि हसतमुख असतात. हाच निबंध लिहिणारा मुलगा मोठा होतो, आणि एक दिवस कुणीतरी गेल्यावर त्याला वर्तमानपत्रासाठी चारशे शब्द लिहायला सांगतात. गेलेले गृहस्थ आता दिलखुलास असतात, हरहुन्नरी असतात, निगर्वी असतात आणि हमखास अजातशत्रू असतात. (हशा) तुम्ही हसताय, पण परवाचा असा एखादा लेख काढा, त्यातलं नाव झाका आणि दुसऱ्या कुणाचंही नाव घाला. लेख तसाच्या तसा चालतो. एखादं विशेषण कुणालाही बसत असेल तर ते त्या माणसाचं नाही, ते लिहिणाऱ्याच्या संकोचाचं आहे.

यावर उपाय म्हणून आपण सांगतो, शब्दसंपत्ती वाढवा. म्हणजे काय करा? तर हुशारच्या जागी कुशाग्र, कुशाग्रच्या जागी प्रज्ञावंत. याला मी वाढ म्हणत नाही. त्याच सदऱ्याला जरीची किनार लावण्यासारखं आहे हे. पु. ल. देशपांड्यांनी सखाराम गटणे लिहिला, तो याच मराठीचा नमुना आहे. गटणे छापील बोलतो. त्याचा एकेक शब्द शुद्ध, भारदस्त, आणि त्यातून समोरच्या माणसाबद्दल मात्र काहीच कळत नाही. कळतं ते गटण्याबद्दल. पुलंनी त्याची थट्टा मायेनं केली. आपण मात्र तो धडा म्हणून गिरवत बसलो.

मग नेमकं विशेषण कसं असतं? मी एकच उदाहरण घेते आणि त्यातच जरा वेळ काढते. कमी बोलणारा माणूस.

मराठीत त्याला अबोल म्हणतात, मितभाषी म्हणतात, घुमा म्हणतात, मुखदुर्बळ, भिडस्त, बुजरा, एकलकोंडा, माणूसघाणा म्हणतात, आणि अगदीच वाईट मत झालं तर आतल्या गाठीचा म्हणतात. वरवर पाहता सगळे एकाच घरचे. पण एकाच्या जागी दुसरा ठेवून बघा. मितभाषी माणूस बोलू शकतो, पण मोजकं बोलणं पसंत करतो; त्या शब्दात आदर आहे, आणि बहुधा वय किंवा हुद्दाही आहे. चौदा वर्षांच्या पोराला आपण मितभाषी म्हणत नाही. घुमा माणूसही बोलत नाही, पण त्याच्या आत काहीतरी साचतंय अशी ऐकणाऱ्याला शंका आहे. मुखदुर्बळ म्हणजे ज्याला बोलायला हवं तिथेच बोलता येत नाही. दहा वर्षं तीच खुर्ची, तोच पगार, आणि साहेबांच्या केबिनपाशी जाऊन परत येणारा कारकून मुखदुर्बळ असतो. इथे त्याची कणव आहे, थोडा त्रागाही आहे.

आणि भिडस्त तर गंमतच आहे. भिडस्त माणूस अजिबात कमी बोलणारा नसू शकतो! गप्पांत तो सगळ्यांच्या पुढे असेल. फक्त कुणी उसने पैसे मागितले की त्याला नाही म्हणता येत नाही, आणि दिलेले परत मागता येत नाहीत. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण त्याच्यासाठीच आहे. म्हणजे भिडस्त हा शब्द बोलण्याबद्दलचा नाहीच. तो दोन माणसांमधल्या व्यवहाराबद्दलचा आहे.

बुजऱ्याला परकी माणसं लागतात. घरात तोच मुलगा धुडगूस घालत असतो. एकलकोंड्याला माणसं नकोत असं नाही, त्याला एकटं राहण्याची सवय झालीये. माणूसघाण्याला माणसं खरोखरच नकोत.

आता या सगळ्यांना मिळून आपण एकच शब्द वापरतो, इन्ट्रोव्हर्ट. कार्ल युंगनं १९२१ सालच्या आपल्या पुस्तकात ही संज्ञा मांडली तेव्हा तिला विशिष्ट अर्थ होता: मनाची ओढ आत आहे की बाहेर. आपण त्याला अंतर्मुख हा चांगला शब्द केला, आणि मग दोन्ही शब्द सरसकट वापरायला लागलो. तो कारकून इन्ट्रोव्हर्ट, तो पैसे बुडालेला इन्ट्रोव्हर्ट, तो पाहुण्यांसमोर आईच्या मागे लपणारा मुलगाही इन्ट्रोव्हर्ट. शब्द परका आहे याची मला तक्रार नाही. मराठीत निम्मी विशेषणं फारसी-अरबीतून आलीत आणि ती नसती तर आपण काय बोललो असतो देव जाणे. तक्रार ही की तिघांची तीन दुखणी होती, आणि आता त्यांना एकच औषध सांगितलं जातं.

तर नेमकेपणा हा असा असतो. नेमकं विशेषण काहीतरी वगळतं. आणि दुसरं म्हणजे ते कुठून तरी उच्चारलेलं असतं. घुमा म्हणणारा माणूस जरा धास्तावलेला आहे. मुखदुर्बळ म्हणणारा त्या माणसाच्या बाजूचा आहे. विशेषण ज्याला लावलंय त्याच्याइतकंच, लावणारा कुठे उभा आहे तेही सांगतं. पुढचं सगळं बोलणं या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, म्हणून ती जरा लक्षात असू द्या.

ही जागा कधीकधी प्रत्ययातच ठरलेली असते. 'खोर' घ्या. फारसीतून आलेला, अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो, नफेखोर नफा खातो. मग मराठीनं तो उचलला आणि भांडखोर, चुगलखोर, हेकेखोर असे आपले शब्द बनवले. पण कुणी दयाखोर ऐकलाय? मायाखोर? (हशा) नाही होत. तिथे आपण संस्कृतातून आलेला 'आळू' लावतो: दयाळू, मायाळू, कनवाळू. आणि मौज अशी की झोप हा तसा दुर्गुणच, पण मराठीनं झोपखोर केला नाही, झोपाळू केला. लाजाळू, विसराळू. म्हणजे या खोडी भाषेनंच माफ करून टाकल्या आहेत. भांडण माफ केलं नाही.

काही विशेषणं गोठ्यातून आली आहेत. मारका, नाठाळ, द्वाड. बुजरा हा मुळात बुजणाऱ्या बैलाघोड्याचाही शब्द. ओढाळ म्हणजे दावं सुटलं की दुसऱ्याच्या शेतात शिरणारं गुरू. अशा जनावराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवत, चालताना ते पायांत यावं म्हणून. 'गळ्यात लोढणं' आपण लग्नाबद्दल गमतीनं म्हणतो तेव्हा आपण स्वतःला ओढाळ म्हणवून घेतोय, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल? बहिणाबाई चौधरींनी हाच शब्द खानदेशी वळणानं मनाला लावला आणि तो अजून जिवंत राहिला. गुरं पाहिली नाहीत अशा मुलांनाही तो त्या कवितेतून भेटतो.

काही स्वयंपाकघरातून आली. मुरलेला राजकारणी लोणच्यासारखा मुरलेला असतो. पाणचट, तिखट, कडवट. आणि खवट. खवट हा मला फार मोठा शब्द वाटतो. खोबरं खवट होतं, तूप खवट होतं, शेंगदाणे होतात. जे मुळात स्निग्ध आहे तेच खवट होऊ शकतं. आणि त्याला वेळ जावा लागतो. एखाद्या म्हातारीला खवट म्हणताना, ती कधीकाळी तशी नव्हती, हे त्या शब्दात गृहीत आहे. खवचट मात्र वेगळा. तिथे मुद्दाम टोचणं आहे, बुद्धी चालवून टोचणं आहे.

अंतू बर्व्याला खवचट म्हणता येईल. रत्नागिरीचा तो म्हातारा कशाचीच गय करत नाही. पण खवचट म्हणून झाल्यावर निम्मा अंतू बर्वा बाहेरच राहतो, ते दारिद्र्य, ते एकटेपण, आणि ते दिसू नये म्हणून केलेली बोलण्याची कुंपणं. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचं नाव मला नेहमी विचार करायला लावतं. वल्ली हा अरबी वली. वली म्हणजे संत, देवाच्या जवळचा. आणि त्या वलीचं अनेकवचन औलिया, म्हणजे आपला अवलिया. एकाच मुळाचे दोन शब्द मराठीत आले. अवलियाच्या भोवती थोडी पुण्याई शिल्लक राहिली. वल्ली मात्र चक्रम, इरसाल, कधी बिलंदर होऊन बसला. ज्याला कुठल्याच खणात बसवता येत नाही त्याला आपण वल्ली म्हणतो, नग म्हणतो, नमुना म्हणतो. हे शब्द म्हणजे विशेषण न सापडल्याची कबुली आहे. तशी कबुली देणं, सगळ्यांना दिलखुलास म्हणण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

इथपर्यंत गमतीचं झालं. आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडे वळते.

रागावणाऱ्या माणसाची विशेषणं आठवून बघा. पुरुष असेल तर तापट. कडक. करारी. शीघ्रकोपी, म्हणजे त्यात एकदम ऋषीच आले. घरात आदळआपट करणारा, ताट भिरकावणारा बाप आपल्या कथा-आठवणींतून शिस्तप्रिय होऊन निघतो. आणि बाई असेल तर? खाष्ट, कजाग, भांडकुदळ, आक्रस्ताळी, कर्कशा, त्राटिका. व्याकरणाकडे बघा: खाष्ट आणि कजाग ही अविकारी विशेषणं आहेत, लिंगाप्रमाणे त्यांचं रूप बदलत नाही. व्याकरण दोघांनाही ती लावू देतं. पण 'कजाग सासरा' म्हणून बघा. कान अडखळतो. व्याकरणानं जे दार उघडं ठेवलं ते वापरानं बंद केलं.

आणि नुसती संख्या विषम आहे असं नाही. तापट या शब्दाचा आतला अर्थ बघा. तापतं काय? तवा तापतो, पाणी तापतं. थोड्या वेळानं निवतंही. म्हणजे राग ही त्या माणसाची करणी नाही, ते त्याचं तापमान आहे. म्हणून त्याच्यापाठोपाठ 'पण मनाने चांगले' हे शब्द आपोआप येतात. खाष्ट सासू मनानं चांगली असते असं कुणी म्हणत नाही. तिचा तो पिंडच ठरवून टाकलेला असतो. या जोडीला सोशिक ठेवा, म्हणजे चित्र पुरं होईल. सोशिक हे कौतुक आहे. पण कोणी काय सोसलं म्हणून हे कौतुक? समोर तापट असल्याशिवाय सोशिक होता येत नाही. एक विशेषण दुसऱ्याचा हिशेब भरून काढतंय.

म्हणून आजची मुलं एखाद्या माणसाला टॉक्सिक म्हणतात, तेव्हा मी ज्येष्ठांइतकी वैतागत नाही. शब्द ढोबळ आहे, मान्य. विघ्नसंतोषी, संशयी, दीर्घद्वेषी, कुजकट या सगळ्यांना तो एकाच पोत्यात भरतो. पण त्यात एक गोष्ट आहे जी तापटमध्ये नाही. विष हे दुसऱ्याला बाधतं. हा शब्द ज्याला त्रास झाला त्याच्या जागेवरून उच्चारलेला आहे. आईला मराठीनं 'जरा तापट आहेत' एवढंच दिलं होतं. मुलीनं इंग्रजीतून दुसरा शब्द आणला. तिला मराठी येत नाही म्हणून हिणवण्याआधी, मराठीत तिच्यासाठी काय होतं ते सांगावं लागेल.

होतं, असं मला वाटतं. पण ते विशेषणांत नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते ३७ या काळात आली. टिळकांचा संताप, त्यांचं हातचं सगळं देऊन टाकणं, १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती होणं आणि त्यामुळे झालेली ताटातूट, हे सगळं त्या पुस्तकात आहे. अशा नवऱ्याला लावायला मराठीत तयार शब्द होता आणि अशा बायकोलाही होता. लक्ष्मीबाई त्या शब्दांवर थांबत नाहीत. त्या प्रसंग सांगतात. कुणी काय केलं, मग काय झालं, मी काय बोलले. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाबद्दलही तसंच. वाचून झाल्यावर टिळकांना तापट म्हणवत नाही आणि लक्ष्मीबाईंना सोशिक तर मुळीच म्हणवत नाही. त्या हसतात, चिडतात, फणकारतात. मराठी व्यक्तिचित्रणातलं हे काम मला पुलंच्या कामापेक्षा मोठं वाटतं. हे काहींना रुचणार नाही. पुलंची माणसं एका गमतीच्या अंतरावर उभी आहेत. लक्ष्मीबाईंना तेवढं अंतर परवडण्यासारखं नव्हतं.

आता आणखी एक पायरी. घरातल्या माणसाला लावलेलं विशेषण निदान घरात राहतं. पण काही विशेषणं अख्ख्या वस्तीवर लावली गेली.

वर्तमानपत्राच्या मथळ्यांत एक शब्द रोज भेटतो: भामटा. 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले.' नेमकेपणाची मघाची कसोटी लावली तर शब्द उत्तम आहे. चोर नव्हे, दरोडेखोर नव्हे. गोड बोलून, विश्वास मिळवून फसवणारा. तीन अक्षरांत सगळं. उपसंपादकाला तो का आवडतो हे मला कळतं. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे नाव आहे. बेरड हेही आहे, आणि तोही शब्द आपण कोडग्या, निर्ढावलेल्या माणसाला सर्रास लावतो. एखाद्या मुलाच्या हातात जातीचा दाखला आहे, त्यावर जो शब्द आहे तोच सकाळी मथळ्यात आहे. शब्द आधीचा की जमातीचं नाव आधीचं, या वादानं त्याला काही फरक पडत नाही.

हे नुसतं बोलीभाषेचं काम नव्हतं. १८७१ साली इंग्रज सरकारनं कायदा केला आणि 'गुन्हेगार' हे विशेषण जमातींना लावलं. माणसाला नव्हे, जमातीला. म्हणजे काहीही न केलेल्या, नुकत्या जन्मलेल्या मुलालाही ते लागू. पुढे कायद्याची व्याप्ती वाढत गेली, हजेऱ्या आल्या, तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. सोलापुरात त्या जागेला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि विशेषण बदललं: विमुक्त. आठ दशकं एक विशेषण कायद्याच्या पुस्तकात होतं, आणि विशेषणानं माणसाचं काय होतं याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता आपल्या साहित्याकडे या. लक्ष्मण माने यांचं आत्मकथन १९८० साली आलं, त्याचं नाव 'उपरा'. लक्ष्मण गायकवाड यांचं १९८७ साली, नाव 'उचल्या'. भीमराव गस्ती यांच्या पुस्तकाचं नाव 'बेरड'. समीक्षकांनी या पुस्तकांतल्या अनुभवाबद्दल पुष्कळ लिहिलं, भाषेबद्दलही लिहिलं. शीर्षकांबद्दल मात्र पुरेसं बोललं गेलं नाही, असं मला वाटतं. गावानं, पोलिसांनी, शाळेतल्या पोरांनी ज्या शब्दानं हाक मारली तोच शब्द या लेखकांनी मुखपृष्ठावर छापला, आणि खाली आपलं नाव घातलं. इतका वेळ शब्द लावणारा एका बाजूला आणि ज्याला लावला तो दुसऱ्या बाजूला होता. इथे तो शब्द त्याच्याच हातात आला. वाचक पुस्तक मागताना दुकानात तो शब्द तोंडानं उच्चारतो, आणि दोनशे पानं वाचून झाल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा उच्चारू शकत नाही. हे काम एखाद्या नव्या, गुळगुळीत शब्दानं झालं नसतं.

पण म्हणून मी किंवा तुम्ही तो शब्द वापरायला मोकळे झालो, असं नाही. 'उचल्या' हे शीर्षक ज्या जागेवरून उच्चारलंय ती जागा गायकवाडांची आहे. मी तोच शब्द माझ्या लेखात कुणा खिसेकापूला लावला तर मी पुन्हा जुन्याच जागेवर जाऊन उभी राहते.

मला विचारलं जातं, मग मथळ्यात लिहायचं काय? जागा कमी असते, घाई असते. अगदी रास्त प्रश्न आहे. तर मराठीत ठकसेन आहे, लबाड आहे, लुबाडणारा आहे. आणि तोतया आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला, तेव्हापासून इतिहासात तो 'भाऊसाहेबांचा तोतया' म्हणून ओळखला जातो. तोतया ही कुणाची जात नाही, कुणाचं गाव नाही. जो दुसऱ्याचं सोंग घेतो तो, आणि सोंग घेतो तेवढ्यापुरताच. पोलिसाच्या वेषात येऊन बांगड्या काढून नेणारा तोतया पोलीस असतो, असं आपली वर्तमानपत्रं लिहितातच. शब्द तीन अक्षरांचाच आहे, मथळ्यात मावतो.

मात्र त्याच बातमीत पुढच्या ओळीत 'सराईत' येतो, तिथे जरा थांबा. सराईत म्हणजे सराव झालेला. सुताराचा हात सराईत असतो. बातमीत तो शब्द येतो तेव्हा बहुतेक वेळा खटला उभाही राहिलेला नसतो. तो सराव कुणी मोजला, कशावरून मोजला, हे बातमीत शोधा. सापडलं तर शब्द ठेवावा.